मानदुखीचा आकडा २१ वरून १६ वर आला, पण मान तीच आहे

शाईची_दौत | १२ मे, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी साताऱ्याजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. जानेवारीपासून मान धरलीय. आधी वाटलं उशी बदलली म्हणून, मग वाटलं गार वारा लागला. मार्चमध्ये दहावीचे पेपर तपासायला बसले आणि ठणका उजव्या खांद्यापर्यंत जायला लागला, तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला, वयाप्रमाणे थोडी झीज आहे, घाबरण्यासारखं काही नाही, असं सांगून फिजिओथेरपीला पाठवलं.

तिथे पहिल्या दिवशी, २८ मार्चला, एक फॉर्म भरून घेतला. दहा प्रश्न, प्रत्येकाखाली सहा वाक्यं, आपल्याला लागू पडेल त्यावर खूण करायची. माझे ५० पैकी २१ आले. जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. मग बारा सिटिंग झाली. शेक घेतला, मानेचे व्यायाम, रबरी पट्टा ओढायचे व्यायाम, सगळं नेमाने केलं. ९ मेला तोच फॉर्म पुन्हा भरला, १६ आले. "पाच गुणांनी उतरलं, म्हणजे चांगला फरक आहे," असं सांगितलं.

घरी येताना डोळ्यांत पाणी आलं. स्कूटीवरून उजवीकडे वळताना मागे बघायला आजही मान फिरत नाही, सगळं धड वळवावं लागतं. त्या भीतीने बाजारातून येताना मी आधी खाली उतरते, गाडी ढकलत रस्ता ओलांडते आणि मग पुन्हा चालू करते. माझी नणंद दुसरीकडे उपचार घेते. तिचे त्याच फॉर्मवर तीनच गुण कमी झाले, पण ती रात्री सलग झोपायला लागलीय आणि खूश आहे.

पाच म्हणजे चांगला फरक, हे कुणी आणि कसं ठरवलं? कुणाला माहिती असेल तर मनापासून समजून घ्यायचं आहे.

हिरवी_वेल | १२ मे, रात्री १०:५२

ताई, अगदी हेच. माझे ३० वरून २४ झाले होते. मला तर आपणच नीट सांगत नाही की काय असं वाटायला लागलं होतं. वाचतेय.

सांधेजोड | १३ मे, सकाळी ७:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चौदा वर्षं प्रॅक्टिस करतेय. तुमच्या वर्णनावरून तो फॉर्म म्हणजे नेक डिसॅबिलिटी इंडेक्स, आम्ही त्याला एनडीआय म्हणतो. कंबरदुखीसाठी १९८० पासून ऑस्वेस्ट्री नावाची प्रश्नावली वापरात होती. तिच्यावरून टोरांटोच्या हॉवर्ड व्हर्नन आणि सिल्व्हानो मिओर यांनी मानेसाठी ही बेतली आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. दुखण्याची तीव्रता, स्वतःची आंघोळ-कपडे, वजन उचलणं, वाचन, डोकेदुखी, एकाग्रता, काम, वाहन चालवणं, झोप आणि विरंगुळा असे दहा विषय. प्रत्येकाला ० ते ५ गुण. ० ते ४ म्हणजे त्रास नाही, ५ ते १४ सौम्य, १५ ते २४ मध्यम, २५ ते ३४ तीव्र आणि ३५ आणि त्याच्या वर म्हणजे जवळपास सगळंच अडलेलं. काही जण बेरीज दुप्पट करून टक्के लिहितात. म्हणून कुणी "माझे ४२ आले" म्हणालं तर आधी ते ५० पैकी की १०० पैकी, हे विचारावं. यात घोटाळा झालेला मी पाहिलाय.

पाच गुणांचा आकडाही हवेतून आलेला नाही, सुरुवातीच्या अभ्यासांतून तो आला आणि पाठ्यपुस्तकांत बसला. पण तो एकच आकडा नाही, हे सांगायला हवं होतं. मीही नव्यानं काम करताना रुग्णांना हेच वाक्य ऐकवायचे. आता वाटतं, तुमच्यासारखं कुणीतरी तेव्हा माझ्याकडूनही हिरमुसून घरी गेलं असेल.

ताई, दोन्ही वेळचे फॉर्म हाताशी आहेत का? नुसत्या बेरजेवरून काही कळणार नाही. कुठल्या प्रश्नाचे गुण उतरले ते सांगा.

शाईची_दौत | १३ मे, सकाळी ११:०५

फोनमध्ये फोटो आहेत. पहिल्या वेळी: तीव्रता २, स्वतःची कामं १, वजन ३, वाचन ३, डोकेदुखी २, एकाग्रता १, काम ३, वाहन ३, झोप २, विरंगुळा १.

दुसऱ्या वेळी: तीव्रता २, स्वतःची कामं १, वजन २, वाचन २, डोकेदुखी १, एकाग्रता १, काम २, वाहन ३, झोप १, विरंगुळा १.

सांधेजोड | १३ मे, दुपारी १:४०

वजन, वाचन, डोकेदुखी, काम, झोप. पाच ठिकाणी एकेक गुण. तीव्रता आणि वाहन आहे तिथेच. तुम्हाला सगळ्यात जास्त बोचते ती गोष्ट हललेलीच नाही, त्यामुळे तुमचा अनुभव आणि तुमचा फॉर्म यांत भांडण नाहीच. फक्त बेरीज केली की ते दिसेनासं होतं.

आणखी एक विचारते. ९ मेला शाळा चालू होती का?

शाईची_दौत | १३ मे, दुपारी २:१०

नाही. १ मेचं झेंडावंदन झालं आणि सुट्टी लागली.

थांबा. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. २८ मार्चला माझ्याकडे दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, आणि शाळेची बॅग, टिफिन, वह्या हे सगळं एका खांद्यावर. मे महिन्यात काहीच तपासायचं नव्हतं, काहीच वाहायचं नव्हतं. वाचन, काम आणि वजन हे तीन गुण सुट्टीचे आहेत, मानेचे नाहीत! रात्री दीडपर्यंत जागून तपासणं संपलं म्हणून कदाचित डोकं आणि झोपही.

सरासरी | १३ मे, रात्री ९:२०

हा धागा वाचून राहवलं नाही. वैद्यकीय संशोधनातलं संख्याशास्त्र हे माझं रोजचं काम आहे. सविस्तर लिहितो, कारण प्रश्न फार मोलाचा आहे आणि तो रुग्णाने विचारलाय.

"पाच गुण उतरले" यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत. फरक खरा आहे का? रुग्णाला तो महत्त्वाचा वाटतो का? त्यासाठी जे मोजलं, ते पैसे, वेळ, त्रास वसूल झाले का?

पहिला प्रश्न काट्याचा. बाजारातल्या काट्यावर एकच भोपळा दोनदा ठेवला तर कधी २ किलो दाखवेल, कधी २ किलो ५० ग्रॅम. तो काटा ५० ग्रॅम इकडे-तिकडे करतो हे माहीत असेल तर भोपळा ४० ग्रॅमने वाढला असं कुणी म्हणणार नाही. प्रश्नावलीचंही तसंच. ज्यांच्या मानेत काहीच बदललेलं नाही अशा लोकांकडून काही दिवसांच्या अंतराने फॉर्म भरून घेतात आणि गुण किती हलतात ते बघतात. त्यावरून एक सीमा काढतात. न बदललेल्या शंभर माणसांपैकी सुमारे पंच्याण्णव जणांचा फरक त्या सीमेच्या आत राहतो. ती ओलांडली तरच एका माणसाबद्दल खात्रीने "बदल झाला" म्हणायचं.

दुसरा प्रश्न मनाचा. १९८९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या येश्के, सिंगर आणि गाइट यांनी त्याची व्याख्या मांडली. रुग्णाला फायद्याचा वाटेल असा गुणांतला सगळ्यात लहान फरक, आणि फार दुष्परिणाम किंवा फार खर्च नसेल तर ज्याच्यामुळे उपचारांत बदल करावा लागेल असा फरक. तो काढायला रुग्णांना एक जादा प्रश्न विचारतात: सुरुवातीपेक्षा आता कसं वाटतं, खूप बरं, थोडं बरं, तसंच, की वाईट? "थोडं बरं" म्हणणाऱ्यांचे गुण किती उतरले ते बघितलं की तो लहानात लहान फरक हाती येतो.

आता अडचण सांगतो. २००७ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी एनडीआयसाठी दोन्ही आकडे काढले. रुग्णांना महत्त्वाचा वाटणारा फरक ३.५ गुणांचा निघाला. काट्याची सीमा निघाली १०.५. नणंदेचे तीन गुण पहिल्या आकड्याच्या जवळ येतात, तिला बरं वाटतं ते खोटं नाही. पण एकट्या तिच्या फॉर्मवरून बाहेरचं कुणी ते सिद्ध करू शकत नाही, कारण काटाच तेवढा बारीक नाही. शंभर जणांच्या गटाची सरासरी काढली की काट्याची चूक बरीचशी पुसली जाते, म्हणून संशोधनात हे आकडे चालतात. समोर बसलेल्या एका माणसावर तेच आकडे जसेच्या तसे लावणं मला पटत नाही.

आणि हे आकडेही ठिकाणागणिक बदलतात. अमेरिकेत मानेतली नस दबून हातात कळ जाणाऱ्या रुग्णांवर २००६ मध्ये अभ्यास झाला, तिथे महत्त्वाचा फरक ७ गुणांचा आला. २००८ मध्ये साध्या मानदुखीच्या रुग्णांत तो १९ टक्के आला, म्हणजे ५० पैकी साडेनऊ. प्रश्नावली तीच, दहा प्रश्न तेच. ५, ३.५, ७, ९.५, यांतला खरा कुठला? सगळेच आपापल्या जागी खरे. ज्याचा त्रास सुरुवातीलाच जास्त, त्याला बरं वाटायला जास्त गुण उतरावे लागतात. "थोडं बरं" धरायचं की "खूप बरं" हे संशोधक ठरवतो, त्याने आकडा हलतो. दोन आठवड्यांनी विचारलं की सहा महिन्यांनी, त्यानेही हलतो.

यंत्रमाग_६८ | १४ मे, सकाळी ६:४५

मी इचलकरंजीचा. चाळीस वर्षं मागावर काढली. मान वाकवून तुटलेला धागा बघायचा आणि जोडायचा, हेच काम. एवढे आकडे वाचून डोकं चक्रावलं, पण मास्तरीणबाईंचं दुःख कळलं. आमच्या वेळी डॉक्टर विचारायचे "काय काका, कसं आहे," आणि आपण म्हणायचं "बरं आहे." ते बरं नव्हतं. एवढा कागद आमच्या वेळी असता तर निदान कुणीतरी झोपेचं विचारलं असतं.

माझी मान आता दुखत नाही फारशी. पण गेले दोन महिने हाताला मुंग्या येतात, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकतात, चालताना पाय जड वाटतो. वयाचं असेल.

सांधेजोड | १४ मे, सकाळी ७:१०

काका, बाकीचं नंतर बोलू. बटणं लावताना बोटं चुकणं आणि पाय जड होणं याला वयाचं म्हणून सोडू नका. मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आल्यावर असं होऊ शकतं, आणि त्यात मान दुखेलच असं नाही. याच आठवड्यात हाडांच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा आणि हे शब्द जसेच्या तसे सांगा. लघवीवर ताबा कमी वाटला तर त्याच दिवशी जा. मानेला झटका देणारी मालिश, मान मोडणं, मान ताणायला वजन लावणं हे आधी बंद.

बाकीच्यांसाठी: एनडीआयमध्ये बटणांचा किंवा चालण्याचा प्रश्नच नाही. काकांनी तो फॉर्म भरला असता तर कदाचित "सौम्य" आला असता. म्हणून मी फॉर्म हातात घ्यायच्या आधी हात-पाय तपासते.

यंत्रमाग_६८ | १४ मे, दुपारी १२:३०

मुलाने शुक्रवारची वेळ घेतली आहे. आभारी आहे मुली.

बार्शीची_लेक | १४ मे, दुपारी ४:००

माझी अडचण वेगळी. आईला हा फॉर्म दिला, तिचं शिक्षण दुसरीपर्यंत. ती वाहन चालवत नाही, पुस्तक वाचत नाही. शेवटचा प्रश्न विरंगुळ्याचा, त्याचा अर्थ मी सांगितला तर म्हणाली, "काम झाल्यावर बसते की." मीच खुणा केल्या. वाहन आणि वाचनासमोर मी शून्य टाकलं, कारण त्याचा तिला त्रास नाहीच. तिची मान दुखते ती डोक्यावरून पाणी आणताना, भाकरी थापताना, खाली बसून धुणं धुताना. यातलं काहीच कागदावर नव्हतं.

आणि एक. थेरपिस्टसमोर बसून तिने सगळ्याला बरं बरं म्हटलं. बाहेर आल्यावर म्हणाली, एवढं करतात आपल्यासाठी, वाईट कसं सांगायचं.

सांधेजोड | १४ मे, रात्री ८:२५

तुमचा प्रतिसाद मला आमच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवावासा वाटतो.

शून्य टाकू नका, तो प्रश्न रिकामा ठेवा. शून्याचा अर्थ "करते आणि त्रास होत नाही" असा होतो, त्याने आईचे गुण उगाच खाली येतात. दोन प्रश्न सोडले तर उरलेले आठ, म्हणजे कमाल ४०. बेरीज समजा १६ आली तर ती ४० पैकी १६, म्हणजे ४० टक्के. ५० पैकी धरली असती तर ३२ टक्केच दिसली असती. दुसऱ्या वेळीही तेच दोन प्रश्न सोडायचे, नाहीतर तुलना फसते. आणि शक्य असेल तर फॉर्म घरी भरून न्या, आमच्या टेबलासमोर नको.

भाषेबद्दल म्हणाल तर नुसता अनुवाद पुरत नाही. मराठीत आणायची, मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलटी इंग्रजीत न्यायची, दोन्ही ताडून बघायची, रुग्णांवर चाचणी घ्यायची, एवढं करावं लागतं. कंबरेच्या ऑस्वेस्ट्रीवर असं मराठीतलं काम होऊन २०१३ मध्ये प्रसिद्धही झालं आहे. तरी डोक्यावरच्या हंड्याचा प्रश्न टोरांटोत तयार झालेल्या कागदात अनुवादाने येत नाही.

त्यासाठी मी दुसरा एक साधा कागद वापरते, पेशंट स्पेसिफिक फंक्शनल स्केल. तोही कॅनडातला, १९९५ चा. यात छापील प्रश्न नाहीत. रुग्णानेच तीन कामं सांगायची, जी त्याला अडतात. प्रत्येकाला ० ते १० गुण. ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे दुखण्याआधीसारखं जमतं. तिन्हींची सरासरी काढायची, साधारण दोन गुण वर गेले की फरक मानण्याजोगा. आईला वाचता येण्याची गरज नाही. हंडा, भाकरी, धुणं. झाला फॉर्म.

हिरवी_वेल | १४ मे, रात्री ९:०५

हे माझ्या फिजिओंना दाखवणार. 'सरासरी', एक विचारू? "सुरुवातीपेक्षा आता कसं वाटतं" हा प्रश्न मलाही विचारला होता. मला सुरुवातीला कसं वाटत होतं तेच आठवत नव्हतं. मग उत्तर काय द्यायचं?

सरासरी | १४ मे, रात्री १०:४०

तुम्ही या पद्धतीच्या सगळ्यात कच्च्या जागेवर बोट ठेवलंत. माणसाला दोन महिन्यांपूर्वीची वेदना नीट आठवत नाही. तो आजची अवस्था बघतो आणि त्यावरून मागचा अंदाज बांधतो. आज सकाळी मान मोकळी असेल तर "खूप सुधारलं", आज अवघडली असेल तर "काहीच फरक नाही". हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. सगळे "महत्त्वाचे फरक" ज्या उत्तरावर उभे आहेत ते उत्तरच असं डळमळीत आहे.

दुसरंही एक ध्यानात ठेवावं. आपण डॉक्टरकडे कधी जातो? दुखणं असह्य झाल्यावर. मानदुखी लाटांसारखी येते-जाते, त्यामुळे सगळ्यात वाईट दिवसानंतर काहीही न करता थोडं उतरतंच. शाईची_दौत यांचा पहिला फॉर्म नेमका पेपरच्या गठ्ठ्यांच्या दिवसांतला. त्या पाच गुणांत उपचाराचा वाटा किती, सुट्टीचा किती आणि आपोआप उतरण्याचा किती, हे एका माणसावरून वेगळं करता येत नाही. त्यासाठीच दोन गट करून चाचण्या घ्याव्या लागतात.

नुसत्या वेदनेच्या ० ते १० पट्टीबाबत २००१ मधला एक मोठा अभ्यास आहे, दहा औषधचाचण्यांतल्या २७२४ रुग्णांचा. तिथे सुमारे २ गुण किंवा ३० टक्के घट, हा फरक लोकांना खरा सुधार वाटला. टक्क्यांचा फायदा असा, की सुरुवात कुठून झाली ते हिशोबात येतं. तोच निकष ढोबळमानाने २१ ला लावला तर सहा-सव्वासहा गुण उतरायला हवेत. पाच म्हणजे २४ टक्के.

माझा तिसरा प्रश्न राहिला होता, वसूल होण्याचा. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच सगळ्यात कमी विचारला जातो. उपचार झाल्यावर "बरं वाटतं का" विचारण्यापेक्षा आधीच विचारावं: बारा वेळा यायचंय, इतके पैसे, इतका प्रवास, घरी रोज वीस मिनिटं व्यायाम. आपोआप जे उतरेल त्याच्या वर किती फरक पडला तर हे सगळं केल्याचं समाधान वाटेल? अशा पद्धतीने कंबरदुखीच्या रुग्णांना विचारून अभ्यास झालेत. याचं उत्तर माणसागणिक वेगळं येणार, आणि यावंच. रिक्षाने तास घालवून येणाऱ्या बाईचं उत्तर आणि शेजारच्या इमारतीतून येणाऱ्याचं उत्तर एक कसं असेल?

शाईची_दौत | १५ मे, सकाळी ९:१५

मी रात्री बसून लिहून काढलं. माझी तीन कामं: स्कूटीवरून उजवीकडे वळताना मागे बघणं, आज २. सलग एक तास उत्तरपत्रिका तपासणं, ४. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिणं, ३. सरासरी ३. आणि वसुलीचं उत्तर: पहिलं काम ५ वर आलं तर बाकी काहीही झालं नाही तरी मला चालेल. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. उद्या कागद घेऊन जाते.

यंत्रमाग_६८ | २१ मे, सायंकाळी ६:२०

एमआरआय झाला. मुलीने सांगितलं तेच निघालं, मणक्यात दाब आहे. सर्जनना भेटायचं आहे. डॉक्टर म्हणाले वेळेत आलात.

सांधेजोड | २१ मे, सायंकाळी ६:४५

काका, भेट झाली की इथे नक्की कळवा. बटणांचं लक्षात ठेवा, रोज किती वेळ लागतो ते मुलाला घड्याळात बघायला सांगा, सर्जनना उपयोगी पडेल.

शाईची_दौत | ६ जुलै, रात्री ९:५०

धागा वर काढतेय.

कागद दाखवल्यावर आमच्या फिजिओताईंनी शांतपणे वाचला. मग मला खुर्चीत बसवून मान दोन्हीकडे किती फिरते ते मोजलं आणि व्यायाम बदलले. फिरवण्याचे, आणि खांद्यामागच्या स्नायूंचे. त्याच म्हणाल्या की दुसरा फॉर्म सुट्टीत भरून घ्यायला नको होता.

१५ जूनला शाळा सुरू झाली. तीन आठवडे पूर्ण वेळ शिकवून, बॅग वाहून, पहिल्या चाचणीचे पेपर तपासून आज पुन्हा दोन्ही कागद भरले. एनडीआय १७. मेपेक्षा एकाने जास्त. वाचन आणि काम पुन्हा ३ वर गेले, तीव्रता २ वरून १ झाली, वाहन ३ वरून २, बाकी तसंच... नाही, चूक झाली, एकाग्रतेला या वेळी २ टाकलेत, नववीच्या वर्गात ६४ मुलं आहेत.

तीन कामांच्या कागदावर: फळा ५, पेपर तपासणं ५, मागे बघणं ६. सरासरी ३ वरून ५.३.

आज बाजारातून येताना उजवीकडचं वळण गाडीवर बसूनच घेतलं. मागून दुधाची गाडी येत होती, ती मला दिसली.